पदवीची भेट लग्नाच्या खात्यात नको



निकालाचे दिवस आले की मंदिरात पेढे येतात. कुणाचा मुलगा इंजिनीअर झालेला असतो, कुणाची मुलगी बी.फार्म. झालेली असते. आपण पेढा घेतो, कौतुक करतो. मुलगा असेल तर विचारतो, "मग आता पुढे काय?" आणि मुलगी असेल तर विचारतो, "मग आता बायोडाटा काढला की नाही?" दोन्ही प्रश्न प्रेमानेच विचारतो, त्याबद्दल वाद नाही. पण या दोन प्रश्नांत जो फरक आहे, तोच आपण भेट देतानाही करतो, असं मला वाटतं.

मुलगा पदवीधर झाला की त्याला मोटारसायकल मिळते, लॅपटॉप मिळतो. मुलीला सोन्याची साखळी मिळते, नाहीतर कानातले. मग दोन वर्षांनी लग्नाची यादी निघते तेव्हा तीच साखळी "मुलीच्या अंगावरचे दागिने" या सदरात पुन्हा मोजली जाते. मी कॉमर्सची पदवीधर आहे. एकच रक्कम दोन ठिकाणी खर्ची टाकली तर हिशेब तपासणारा तिथे लाल पेनाने खूण करतो. आपल्या घरांतून ही नोंद वर्षानुवर्षं चालली आहे आणि कुणी खूण करत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की मुलगी पदवीधर झाली तर तिला द्यायची भेट लग्नाच्या खात्यातून वेगळी काढावी. ती भेट म्हणजे सगळ्या घराने मिळून केलेला प्रवास असावा, आणि त्या प्रवासाची कर्ती ती मुलगी असावी. पैशाचं पाकीट तिच्या हातात, बेत तिचा, हिशेब तिचा. आपण वडीलधाऱ्यांनी फक्त सोबत जायचं.

हे मी नुसतं बसल्या बसल्या सुचवत नाही. गेल्या नोव्हेंबरात आम्ही तसं करून आलो. पण त्याआधी थोडं मागचं सांगते, म्हणजे हे डोक्यात कुठून आलं ते कळेल.

मी यवतमाळला वाढले. १९८१ साली बी.कॉम. झाले, तेव्हा अमरावती विद्यापीठ निघालं नव्हतं, आमच्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचा शिक्का आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता आणि तो साधासुधा नव्हता, बाहुबली भगवंतांच्या मूर्तीला एक हजार वर्षं झाल्याचा होता. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून मूर्तीवर फुलं टाकली तो हाच. आमच्या घरून आजी, आई आणि वडील निघाले. शकुंतलेने मूर्तिजापूरपर्यंत आणि तिथून मोठ्या रेल्वेने. माझी परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून मी आणि काकू घरी. आजी परत आली ती पुढची दहा वर्षं तेच सांगत राहिली. पाय किती मोठे, बोटं केवढी, वरून दूध, केशर, चंदन येतं तेव्हा रंग कसे बदलतात. तिच्या तोंडून ऐकून मला त्या मूर्तीच्या गुडघ्यांपर्यंत सगळं पाठ होतं. वडील मला म्हणाले होते, "पास हो, मग तुला घेऊन जातो." पास झाले. वडिलांनी एचएमटीचं लेडीज घड्याळ घेऊन दिलं, आणि कार्तिक झाल्यावर दारव्ह्याला माझं लग्न झालं. घड्याळ छानच होतं, वीस वर्षं वापरलं.

माझी लेक २००३ साली बी.एस्सी. झाली. निकाल जूनमध्ये, साखरपुडा चातुर्मासाच्या आत उरकला, लग्न डिसेंबरात, दिग्रसला. तिला साखळी मिळाली होती. त्या साखळीचं पुढे काय झालं ते वर सांगितलंच आहे.

आणि तिची लेक, माझी नात, २०२५ च्या उन्हाळ्यात बी.कॉम. झाली. मला आनंद झाला तो सांगता येत नाही. तिसऱ्या पिढीत पुन्हा कॉमर्स!

ती दहावी झाली त्या वर्षी, म्हणजे २०२० ला, मी पोस्टात हजार रुपये महिन्याचं आवर्ती ठेवीचं खातं उघडलं होतं. आपण त्याला आरडी म्हणतो. पासबुकाच्या पाकिटावर मी "पदवी" एवढाच शब्द लिहिला. तेव्हा व्याज ५.८ टक्के होतं. पाच वर्षांत माझे ६० हजार भरून झाले आणि हातात साधारण ७० हजार आले. हे पैसे माझे, घरखर्चातून वाचवलेले, आणि पाकिटावर शब्द स्पष्ट लिहिलेला, म्हणून कुणाला "लग्नाला ठेवा" म्हणता आलं नाही. म्हणजे म्हणाले, पण चाललं नाही.

म्हणणारी पहिली आमची विहीणबाई. नात त्यांच्या घरची, तेव्हा आधी त्यांना विचारणं रीतच होतं. मी दिग्रसला गेले, सांगितलं. त्या सत्तरीच्या आहेत, स्पष्ट बोलतात. म्हणाल्या, "एवढ्या पैशात पोरीले एक गोफ झाला असता ना बाई! फिरून आलं का पैसे गेले." मी म्हटलं, "विहीणबाई, तुम्हीपण चला." त्या एकदम गप्प झाल्या. मग हळूच विचारलं, "पायऱ्या किती हायेत?"

असे आम्ही सातजण निघालो. मी, आमचे हे, लेक, जावई, नात, तिचा धाकटा भाऊ आणि विहीणबाई. कुठे जायचं हे नातीने ठरवलं. मी माझ्या आजीच्या गोष्टी तिला लहानपणी सांगितलेल्या, त्यातून तिने श्रवणबेळगोळ निवडलं, आणि तिचं स्वतःचं म्हणून म्हैसूरचा राजवाडा आणि हळेबीड-बेलूर त्याला जोडलं. चातुर्मास होऊ दिला, कार्तिकी अष्टान्हिका होऊ दिली आणि मग नागपूरहून बंगळूरची गाडी धरली. यवतमाळहून अजून तरी आधी रस्त्यानेच निघावं लागतं. वर्ध्याहून येणारी रेल्वे २०२४ ला कळंबपर्यंत आली, यवतमाळला येईल तेव्हा येईल.

सामानाबद्दल लिहिणार नव्हते, पण तुम्ही विचारालच. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजके पोहे, पाणी गाळायचं दुहेरी फडकं. बस. श्रवणबेळगोळला धर्मशाळा आहेत, भोजनालय आहे, सूर्यास्ताआधी जेवण आहे. हळेबीड-बेलूरच्या वाटेवर फक्त आपलं डब्यातलं लागलं. कांदा-लसूण-बटाट्याचं काय करायचं या काळजीने ज्या बायका दक्षिणेला जात नाहीत, त्यांना सांगते, तिकडे नुसता भात, नारळाची चटणी आणि ताक कुठेही मिळतं, आधी विचारून घ्यायचं एवढंच.

विंध्यगिरीच्या पायऱ्या साडेसहाशेच्या वर आहेत, खडकातच कोरलेल्या, आणि चढायचं अनवाणी. पहाटे गार असतं म्हणून आम्ही उजाडता उजाडता सुरुवात केली. विहीणबाईंना डोली केली. डोलीवाल्यांशी बोलणी नातीने केली, कानडी ना हिला येत ना मराठी त्यांना, पण पैशाची भाषा दोघांना येत होती. आमचे हे दर पन्नास पायऱ्यांवर "निसर्ग बघतो" म्हणून थांबत होते. मी चढले. चौसष्टाव्या वर्षी चढले, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

आणि मग ती मूर्ती. एकाच दगडातली, सुमारे ५८ फूट. आजीने सांगितलेलं सगळं तसंच होतं. मी त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही त्यांनी जावं.

लिहायचं आहे ते पायाजवळच्या अक्षरांबद्दल. बाहुबलींच्या पायांशी दोन्ही बाजूंना लेख कोरलेले आहेत, कानडी, तमिळ आणि आपल्या मराठीतलेही. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत तो धरला जातो, आपण शाळेत शिकलो आहोत. नात वाकून एकेक अक्षर लावत होती. चामुंडरायाने करविलं, एवढाच त्याचा अर्थ. दुसरीकडे गंगराजाने भोवतालची ओवरी करविली, असं आहे. "करवियलें" हा शब्द तिला फार आवडला. म्हणाली, "आजी, म्हणजे त्यांनी केलं नाही, करवून घेतलं."

मी म्हटलं, हो. आणि करवायला कुणी लावलं, ते लेखात नाही.

ती कथा तुम्हाला माहीत असेल, तरी सांगते, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. चामुंडराय हे गंग राजांचे मंत्री आणि सेनापती. त्यांच्या आई काललदेवी. पोदनपूरला भरत चक्रवर्तींनी उभारलेली बाहुबलींची मूर्ती आहे, असं त्यांनी ऐकलं आणि दर्शन घेतल्याशिवाय दूध घेणार नाही असा नियम धरला. एवढा मोठा कारभारी, पण आईचा नियम म्हटल्यावर आईला घेऊन निघाला, सोबत गुरू नेमिचंद्राचार्य. वाटेत या डोंगरांपाशी मुक्काम पडला, तिथे स्वप्न पडलं, आणि पुढे इसवी सन ९८१ च्या सुमाराला तिथेच मूर्ती उभी राहिली. म्हणजे बघा, आपल्या धर्मातली एवढी मोठी गोष्ट सुरू होते ती कुठून? एका बाईला काहीतरी बघायचं होतं आणि घरच्यांनी ते मनावर घेतलं, इथून.

मग गुळ्ळकायज्जीची कथा. पहिल्या अभिषेकाला चामुंडरायांनी घागरीवर घागरी दूध ओतलं, पण ते मूर्तीच्या खालपर्यंत पोचेना. तेव्हा एक म्हातारी छोट्याशा फळाच्या करवंटीत दूध घेऊन आली, आणि तेवढ्याशा दुधाने सगळी मूर्ती न्हाऊन निघाली. तिची मूर्ती तिथे समोरच आहे, हातात ती करवंटी धरून. विहीणबाई तिच्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या.

समोरच्या चंद्रगिरीवर तर बायकांच्या खुणा जागोजागी आहेत. तिथली कत्तले बसदी, कत्तले म्हणजे अंधारी, ती त्याच गंगराजाने आपल्या आईसाठी बांधली, तिचं नाव पोचव्वे. होयसळांची राणी शांतलादेवी हिने ११२३ साली स्वतः बसदी बांधवली, सवतिगंधवारण बसदी. ही राणी पक्की जैन होती, आणि त्या नावाचा अर्थ, सवतींना मदमत्त हत्तीसारखी भारी पडणारी! मार्गदर्शकाने हा अर्थ सांगितला तेव्हा माझी लेक आणि विहीणबाई, सासू-सून दोघी, एकमेकींकडे बघून हसल्या. असं त्यांना एकत्र हसताना मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट.

बंगळूरहून आम्ही प्रवासभर एक टेम्पो ट्रॅव्हलर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी चालकाने जावईबापूंकडे टोलचे पैसे वेगळे मागितले. जावईबापू देऊ लागले, तर नात म्हणाली, "बाबा, थांबा." तिने ठरवताना झालेलं बोलणं मोबाइलवर काढून दाखवलं, टोल धरूनच भाडं ठरलं होतं. आवाज चढवला नाही, भांडली नाही. चालक म्हणाला, चूक झाली, आणि विषय मिटला. संध्याकाळी जेवण झाल्यावर आम्ही गावातल्या कल्याणी तलावाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तिथे तिने वही काढून त्या दिवसाचा हिशेब वाचून दाखवला. जमा, खर्च, शिल्लक, तिन्ही रकाने बरोबर. जावईबापू कौतुकाने म्हणाले, "हिला तर सीए करायला पाहिजे."

ती पटकन म्हणाली, "मग करू द्या ना."

सगळे गप्प. मग तिने सांगितलं. दोन वर्षं तिच्या मनात होतं. बी.कॉम.ला ५५ टक्के असले तर पहिली फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही, सरळ इंटरमीजिएटला बसता येतं. आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षं होती, ती आता दोनच वर्षं आहे. नागपूरला मुलींचं वसतिगृह कुठे आहे, क्लासची फी किती, सगळं तिने आधीच काढून ठेवलेलं. तिच्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. आईची समजूत अशी की मुलीला बी.एड. करायचं आहे, आणि तेही लग्नानंतर जमलं तर. लेक तिला म्हणाली, "अगं, घरी कधी बोलली नाहीस?" नात म्हणाली, "आई, घरी तू बसलेली कधी असतेस?"

मैत्रिणींनो, हे वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. आपल्या घरात आई बसलेली कधी असते? सकाळी पूजेचं, मग स्वयंपाक, मग दुकानातून येणारे-जाणारे, मुनीमहाराज किंवा माताजी गावात असतील तर चौका, संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं. त्या पाच-सहा दिवसांत काय झालं? सहा वाजता जेवण संपलं की पुढे काहीच नाही. ओटा नाही, टीव्ही नाही, दुकान नाही. आपण रात्री जेवत नाही याचा मला कधी एवढा उपयोग झाला नव्हता. साडेनऊपर्यंत मोकळी संध्याकाळ आणि सगळे एका जागी. मुलीला जे दोन वर्षं सांगता आलं नव्हतं, ते तिने दुसऱ्या संध्याकाळी सांगितलं. गोफ दिला असता तर तिने तो घातला असता, नमस्कार केला असता, आणि हे आतच राहिलं असतं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. विहीणबाईंनी विचारलंच, "मंग लगन कवा?" जावईबापूंनाही दोन स्थळं दिसत होती, त्यातलं एक फार चांगलं होतं. त्यावर हळेबीडच्या वाटेवर गाडीत चर्चा, म्हैसूरला राजवाड्यावरचे रविवारचे दिवे बघतानाही चर्चा. जवळजवळ एक लाख दिवे एकदम लागतात, आणि आमचे लोक त्या उजेडात "सत्तावीस हे काही फार वय नाही" आणि "फार नाही तर काय" असं बोलत उभे! शेवटी ठरलं ते असं की इंटरमीजिएट होईपर्यंत बायोडाटा काढायचा नाही, त्यानंतर पुन्हा बसून बोलायचं. ते चांगलं स्थळ आता दुसरीकडे ठरलं. जावईबापूंना त्याचं थोडं वाईट वाटतं, हे मला दिसतं. ती आता नागपूरला आहे. परीक्षेत काय होईल ते होईल.

हळेबीडचं एक राहिलं. सगळे होयसळेश्वर बघून परत फिरतात, तसं करू नका. जवळच आपल्या तीन बसद्या आहेत. पार्श्वनाथ बसदीतले खांब एवढे घोटलेले आहेत की त्यात स्वतःचं तोंड दिसतं. धाकट्या नातवाने तिथे भांग पाडला.

आता हरकतींकडे येते, कारण हे सगळं मंदिरात सांगितल्यावर त्या आल्याच.

एक माझ्याहून वडील बाई म्हणाल्या, "यात्रा ही निर्जरेसाठी करायची, बक्षीस म्हणून कशी करता?" त्यांचा मान राखून मी सांगितलं की भाव आपल्या हातात आहे. आम्ही गाडीत गाणी म्हटली आणि डोंगरावर णमोकार म्हटला. एकाने दुसरं बाटत नाही. वर्षभर धर्म एका कप्प्यात आणि मजा दुसऱ्या कप्प्यात असं ठेवलं की मुलं मजेचा कप्पा उघडतात आणि दुसरा आपल्यासाठी ठेवून देतात. आणि काललदेवींना दर्शनाची ओढ होतीच की. ओढ असणं म्हणजे पाप नव्हे.

दुसरी हरकत एफडीची. ८४ हजार लागले आम्हाला एकूण, माझे ७० आणि वरचे १४ जावईबापूंनी घातले. तेच ठेवले असते तर वाढले असते, हे मला कुणी शिकवायला नको. पण मुलीच्या नावाने आपण ठेवतो ते पैसे शेवटी कुठे जातात ते प्रामाणिकपणे बघा. सुकन्या समृद्धीचं खातं २०१५ पासून आहे, त्यातले निम्मे पैसे मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी काढता येतात. तरी आपल्या बोलण्यात ते "लग्नाचं खातं"च आहे.

परदेशाच्या पॅकेज टूरला माझा विरोध नाही. हल्ली सिंगापूर-दुबईलाही जैन जेवण देतात. पण तिथे मुलीला ठरवायला काय उरतं? सगळं टूरवाल्याने ठरवलेलं, आपण फक्त बसमध्ये मोजून घ्यायचं. आणि मैत्रिणींबरोबर गोव्याला पाठवा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की तेही पाठवा, पण ते वेगळं. तिथे आई नसते.

पैशाची हरकत मात्र मी खरी मानते. आपल्या जिल्ह्यात कापूस-सोयाबीनवर ज्यांचं घर चालतं, त्यांना ८४ हजार सांगणं बरोबर नाही. पण कर्नाटकच गाठायला पाहिजे असं कुठे आहे? मुक्तागिरी आहे, बावन्न मंदिरं आणि धबधबा. कारंजा आहे, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, रामटेकचे शांतिनाथ आहेत. एसटीत २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या वरच्यांना तर फुकट. दोन रात्री धर्मशाळेत राहा. अट एकच पाळा, ती मी तुम्हाला सांगून ठेवते: घरातल्या कुठल्याही लग्नाच्या, बारशाच्या, नवसाच्या कामाला ते जोडू नका. "तसंही मामेभावाच्या लग्नाला नागपूरला जायचंच आहे, येताना रामटेक करू" असं केलं की ती तिची भेट राहत नाही. आणि पाकीट तिच्याच हातात द्या. वाटेत दहा ठिकाणी आपला हात पुढे होईल, तो मागे घ्यायचा. आमच्या ह्यांना ते सगळ्यात जड गेलं. चहाचे पैसे दर वेळी हेच काढायचे आणि नात दर वेळी ते परत यांच्या खिशात घालायची.

मुलांना पण असंच द्यावं का, असं मला लेकीने विचारलं. द्यावं की. मोटारसायकलपेक्षा बरंच आहे, आणि आईबरोबर पाच दिवस बसण्याची गरज मुलांना कमी नाही. धाकट्या नातवाची पदवी होईल तोपर्यंत २०३० चा महामस्तकाभिषेक येईल, तो आतापासूनच म्हणतोय की त्याला त्या मचाणावर चढायचंय.

विहीणबाईंचं मत बदललं का, असं विचाराल तर नाही. अजून म्हणतात की गोफ बरा होता. पण दिग्रसच्या मंदिरात कुणी नवी बाई भेटली की तिला गुळ्ळकायज्जीची गोष्ट पहिल्यापासून सांगतात, डोलीचं मात्र गाळून.

माझ्या मुलाची मुलगी यंदा दहावीला आहे. पोस्टात जाऊन नवं खातं उघडून आले, पाकिटावर तोच शब्द लिहिला. तिला आत्ताच विचारलं तर म्हणते, समुद्र बघायचाय. मूडबिद्रीला आपली हजार खांबांची बसदी आहे, १४३० सालची, आणि तिथून मंगळूर पस्तीसेक किलोमीटर. म्हणजे दोन्ही होतं.